कॉलेजच्या कबड्डी संघाचे पकडीचे प्रशिक्षक व्हायचे असेल तर

सांगली-साताऱ्याची बहुतेक कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. कायम नोकरी हवी तर शारीरिक शिक्षण संचालकाचे पद, त्यासाठी एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नुसती प्रशिक्षकी बहुधा मानधनावरच मिळते. पतियाळाच्या एनआयएसची, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, प्रशिक्षकाची पदविका असेल तर वजन पडते, पण सुरुवात गावच्या तालीम मंडळाची पोरे घडवूनच करावी.

आता खरे काम. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा (चढाईत ओलांडावी लागते ती) मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा (जादा गुणाची) तिच्यामागे 1 मीटर. मागे उरते जेमतेम 1.75 मीटर. एवढ्यात कोपरारक्षकाला पाय रोवायचे असतात, म्हणून आधी पवित्रा पक्का करा: गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, नजर चढाईपटूच्या कमरेवर. हात-खांदे हुलकावणी देतात, कंबर सहसा देत नाही.

घोट्याची पकड आधी संथ, मग पूर्ण वेगात घोटवा. नवखा दोन्ही हात पुढे टाकून झेपावतो, छाती मागेच राहते. चढाईपटूचा पाय निसटतो आणि वर गुणही जातो. पकड बसताक्षणी खांदा मांडीला भिडलाच पाहिजे. शेजारच्या कव्हरने (कोपरारक्षकाच्या आतल्या बाजूच्या रक्षकाने) त्याच क्षणी धडक द्यायची. तो अर्धा क्षण उशिरा आला की चढाईपटू मध्यरेषेला हात लावतो. बहुतेक पकडी इथेच फसतात, ताकदीअभावी नव्हे.

तीन किंवा कमी रक्षक उरले की पकडीला 2 गुण मिळतात. हा सराव वेगळा घ्या, आणि मातीबरोबर मॅटवरही, कारण मॅटवर बूट लागतात आणि पाय वेगळा सरकतो.