पेला सारखा निसटतो तेव्हा

लेक नऊ वर्षांची असताना पाणी सांडायला लागली. अक्षर बिघडलं, खांदे उडायला लागले, उगाच रडू यायचं. "धांदरट कुठली!" म्हणून मी रागवायचे. जितकं रागवावं तितकं वाढायचं आणि झोपली की सगळं थांबायचं. निघाला सिडनहॅम कोरिया, म्हणजे हातपाय आपोआप हलत राहण्याचा आजार. ऱ्हुमॅटिक तापाचंच (घशाच्या संसर्गानंतर सांधे, हृदय यांना सूज आणणारा आजार) हे एक रूप, बहुधा ५ ते १५ वयात दिसणारं, मुलींमध्ये जास्त. स्ट्रेप्टोकोकस या जंतूने घसा धरल्यावर एक ते सहा महिन्यांनी ते उगवतं. आमच्याकडे चार महिने उलटून गेले होते. घसा दुखल्याचं मला आठवेचना.

शंका आली तर आपली दोन बोटं मुलाच्या मुठीत द्या आणि "घट्ट धर" म्हणा. पकड धार काढल्यासारखी आवळते, सुटते. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगा. ती टिकत नाही, आत पळते. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना जुनी-नवी वही दोन्ही न्या. आमच्या डॉक्टरांना आजार वहीतच दिसला.

तिथे एक गोष्ट विसरू नका: हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी. स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही तरी झडपांना सूज असू शकते. एएसओ तपासणी (त्या जंतूचा संसर्ग होऊन गेला का, हे पाहणारी रक्ताची तपासणी) तोवर नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. धाप लागली, पाय सुजले तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.

घरी जड बुडाचा, झाकणाचा पेला आणि स्ट्रॉ द्या. गरम काही हाताशी नको. गादी जमिनीवर. शाळेत सांगून तोंडी परीक्षा मागा. हालचाल फार असेल तर डॉक्टर व्हॅल्प्रोएटसारखं औषध देतात. ते मनाने बंद करू नका.

हालचाली बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. खरी परीक्षा तिथून पुढे. तो जंतू पुन्हा घसा धरू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं: हृदय ठीक असलं तरी निदान पाच वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, यातलं जे उशिरा संपेल तोवर. झडप बिघडली असेल तर आणखी. इंजेक्शन दुखतं, "मुंगी चावेल एवढंच" असं मी पहिल्यांदा म्हटलं, ते लेक अजून ऐकवते. आधी बर्फ लावला की जरा सुसह्य होतं. तारखा कॅलेंडरवर तिलाच लिहू द्या.

फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवलंय: पुढे गरोदरपणी, किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी, हा आजार डॉक्टरांना सांगायचा. तेव्हा तो परत डोकं वर काढू शकतो.