गाडीतून पाण्याच्या मीटरचं वायरलेस रीडिंग: रिसीव्हर बसवण्यापासून पहिल्या फेरीपर्यंत

गाडी गल्लीतून फिरवायची आणि दोन्ही बाजूच्या घरांतल्या नळाच्या मीटरचं रीडिंग आपोआप टॅबवर यायचं, असं हे काम दिसतं. पण मीटरवरचा रेडिओ सतत बोलत नसतो. बॅटरी बरीच वर्षं टिकावी म्हणून तो ठरावीक अंतराने काही मिलिसेकंदांचा संदेश सोडतो आणि परत गप्प बसतो. कुठला मीटर दर ८ सेकंदांनी बोलतो, कुठला १६, तर कुठला ६०. त्या क्षणी गाडी टप्प्यात असेल तर रीडिंग मिळतं, नसेल तर गल्ली पुन्हा मारावी लागते. महागडा रिसीव्हर घेतला म्हणून यात फरक पडत नाही. म्हणून आधी मीटरची माहिती आणि मग गाडी, या क्रमाने जा.

मीटर पुरवणाऱ्याकडून आधी काय मागायचं

फ्रिक्वेन्सी, संदेशाचा अंतराल, संदेशाचा प्रकार आणि प्रत्येक मीटरची एन्क्रिप्शन की (गुप्त संदेश उलगडायचा परवलीचा आकडा). या चार गोष्टी कागदावर घ्या, तोंडी नको.

भारतात अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा आहे. युरोपात वायरलेस एम-बसचे (मीटरचं रीडिंग रेडिओवरून पाठवायची ठरलेली पद्धत) पाण्याचे मीटर बहुधा ८६८.९५ वर बोलतात, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या जरा बाहेर. माहितीपत्रक युरोपचं आणि माल भारतीय फ्रिक्वेन्सीचा, असा घोळ होऊ शकतो. रिसीव्हर ८६८.९५ चा आणि मीटर ८६६ च्या आसपासचा निघाला, तर दोन मीटर अंतरावरून सुद्धा काही ऐकू येणार नाही आणि तुम्ही दिवसभर अँटेना तपासत बसाल. मीटरच्या रेडिओला भारतातली उपकरण मंजुरी आहे का, तेही इथेच विचारा.

संदेशाच्या प्रकारात टी-१, सी-१ आणि एस-१ ही नावं ऐकू येतील. सी-१ चा वेग सेकंदाला १०० किलोबिट, टी-१ चा सुमारे ६७, एस-१ बराच संथ. रिसीव्हरमध्ये नेमका तोच प्रकार निवडलेला हवा.

अजून एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: मीटर चोवीस तास बोलतो का? बॅटरी वाचवायला काही मीटर फक्त सोमवार ते शुक्रवार, दिवसाच बोलतात. मग रविवारी सकाळी रस्ते मोकळे म्हणून फेरी काढली, तर डिझेल तेवढं जळेल.

वेगाचं गणित

प्रत्येक मीटरला तीन संधी मिळाव्यात असा वेग ठेवा. एका संदेशाची पकड ७० टक्के धरली, तरी तीन संधींत मीटर हुकण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या खाली येते. हिशेब सोपा आहे. टप्प्याची दुप्पट करा, तिला अंतरालाच्या तिपटीने भागा आणि आलेल्या उत्तराला ३.६ ने गुणा. ताशी किलोमीटर मिळतात.

टप्पा १०० मीटर आणि अंतराल १६ सेकंद असेल, तर २०० भागिले ४८, म्हणजे सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आतबाहेर, ताशी १५ किलोमीटर. कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत तसाही याहून फार वेग मिळत नाही, त्यामुळे तिथे हे जमतं. पण मीटर बिडाच्या झाकणाखालच्या चेंबरमध्ये असेल, तर टप्पा २० मीटरवर येऊ शकतो. मग १५ च्या वेगाला गाडी त्या मीटरच्या टप्प्यात दहा सेकंदसुद्धा नसते. अशा ठिकाणी चालण्याच्या वेगाने जा, नाहीतर दर तीस-चाळीस मीटरवर मिनिटभर थांबा. अंतराल ६० सेकंदांचा असेल, तर चालत्या गाडीचा नाद सोडा आणि थांबत-थांबतच जा.

सामान

स्टीलच्या टपाची गाडी हवी. बोलेरो, ईको, टाटा एसची केबिन, यातलं काहीही चालतं. रिक्षाच्या कापडी किंवा फायबरच्या टपावर चुंबक चिकटत नाही आणि अँटेनाला खाली लागणारा धातूचा पृष्ठभागही मिळत नाही. तिथे निदान ३० सेंटीमीटर बाजूचा लोखंडी पत्रा बसवावा लागतो. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तो तासाभरात तयार होतो. रिसीव्हरचा ब्रॅकेटही त्याच खेपेत करून घ्या.

अँटेना ८६५ ते ८६८ साठीच बनवलेला, मॅग्नेटिक बुडाचा, २ ते ३ डीबीआयचा (डीबीआय म्हणजे अँटेना ताकद किती एकवटतो याचं माप). ८-९ डीबीआयचा उंच दांडा घेऊ नका. तो आपली ताकद आडव्या पातळ पट्टीत पसरवतो, त्यामुळे चेंबरमधले मीटर खाली राहतात आणि अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावरचे वर. दुकानात ४३३ मेगाहर्ट्झचा अँटेनाही हुबेहूब तसाच दिसतो. ओळखायची खूण म्हणजे काडीची लांबी: साध्या पाव-लहरीची काडी ८६६ ला साधारण सव्वाआठ सेंटीमीटर येते, ४३३ ला त्याच्या दुप्पट.

केबल आरजी-५८, तीन मीटरच्या आत. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास ती मीटरला सुमारे अर्धा डेसिबल खाते. अँटेनासोबत येणारी बारीक आरजी-१७४ केबल जवळजवळ दुप्पट खाते. ती पाच मीटरची असेल तर ५ डेसिबल वाटेतच गेले, आणि ६ डेसिबल जाणं म्हणजे मोकळ्या जागेतला टप्पा निम्मा होणं. उरलेली केबल सीटखाली गुंडाळून ठेवू नका, कापून नवा कनेक्टर बसवा. कनेक्टर घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए यांत गल्लत होते. दोन्हींचे आटे जुळतात आणि स्क्रू घट्ट बसतो, पण मधली पिन कुठेच टेकत नाही. टॉर्च लावून आत बघा: एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला भोक दिसलंच पाहिजे.

शहरात फिल्टरही लागतो. मोबाईल टॉवरचं एका पट्ट्याचं प्रक्षेपण ८६९ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतं, म्हणजे आपल्या मीटरच्या अगदी शेजारी. टॉवरजवळून जाताना रिसीव्हर बहिरा होतो आणि नेमक्या त्याच पट्टीतले मीटर दर महिन्याला गायब दिसतात. ८६५-८६८ चा सॉ फिल्टर (फक्त तेवढाच पट्टा आत सोडणारा) अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये लावा. त्यात दोनेक डेसिबल जातात, ते जाऊ द्या.

याशिवाय ३ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, रिले, फ्यूज टॅप (फ्यूज बॉक्समधून लाईन काढायचा जोड), जीपीएसचा चपटा अँटेना, टॅब आणि त्याचा स्टँड.

बसवणं

टप पुसून घ्या आणि अँटेना बरोब्बर मध्यभागी ठेवा. काठावर ठेवला तर एका बाजूला टप्पा वाढतो, दुसरीकडे घटतो. कॅरिअर असेल तर त्याच्या नळ्यांपासून निदान ३० सेंटीमीटर लांब ठेवा. नळ्यांच्या पिंजऱ्यात अँटेना ठेवून टप्पा मिळत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. गाडीच्या आत, काचेमागे तर मुळीच नको. धातूचा थर असलेली सन फिल्म असेल तर विषयच संपला. आठवड्यातून एकदा बूड उचलून पुसा. खाली पाणी आणि धूळ साचून गंजाचं कडं धरतं.

केबल मागच्या दाराच्या रबरातून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस हा झोळ विसरू देत नाही. पाणी केबलवरून सरळ रिसीव्हरच्या कनेक्टरपर्यंत पोचतं, तांबं हिरवं पडतं आणि टप्पा इतका हळूहळू घटतो की महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेरच्या जोडाला रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळा, साधी काळी टेप पावसात सुटते.

वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका. खड्ड्यात प्लग हलतो, रिसीव्हर रीस्टार्ट होतो आणि पुढच्या अर्ध्या मिनिटातले मीटर जातात. वायर थेट बॅटरीवरून घ्या. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून १५-२० सेंटीमीटरच्या आत बसवा. तो पुढे रिसीव्हरजवळ लावला, तर मधली वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर वाचवायला कुणी नाही. चावीबरोबर चालू-बंद होण्यासाठी रिलेची कॉइल फ्यूज टॅपने ॲक्सेसरीच्या लाईनवर घ्या. रिसीव्हर आणि टॅबचं चार्जिंग मिळून १२ व्होल्टवर साधारण दीड अँपिअर लागतं, त्यामुळे ३ चा फ्यूज पुरतो. स्टार्टर मारताना व्होल्टेज ८-९ पर्यंत खाली येतं. रिसीव्हर ९ ते ३० व्होल्टचा असला तरी आधी इंजिन सुरू करा आणि मग रिसीव्हर चालू करा.

जीपीएस अँटेना डॅशबोर्डवर, काचेखाली, तोंड आकाशाकडे. डॅशकॅमच्या शेजारी नको, स्वस्त डॅशकॅम जीपीएसला खातात.

उभ्या गाडीची चाचणी

हे न करता मार्गावर जाऊ नका. मोकळ्या मैदानात गाडी लावा आणि एक मीटर घेऊन २५, ५० आणि १०० मीटरवर उभे राहा. प्रत्येक ठिकाणी दहा संदेशांची ताकद लिहून घ्या. ती डीबीएममध्ये उणे आकड्यात दिसते, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी चांगली. मायनस ८५ डीबीएमपेक्षा चांगली असेल तर उत्तम. मायनस १०० च्या आसपास असेल तर चालत्या गाडीत तो मीटर भरवशाचा नाही. मग गाडी जागच्या जागी वळवून चारही बाजू मोजा. शेवटी इंजिन, एसी, मोबाईल चार्जर, डॅशकॅम एकेक करून चालू करा. ज्याच्यामुळे आकडा पाच-सहा डेसिबलने बिघडतो तो गुन्हेगार. बहुतेकदा तो शंभर रुपयांचा यूएसबी चार्जर निघतो.

रिसीव्हरवरच शंका असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि डब्ल्यूएमबसमीटर्स हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवून बघा. डोंगलला मीटर ऐकू येतो आणि रिसीव्हरला येत नाही, म्हणजे बिघाड रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

यादी, की आणि एकक

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात.

मीटरच्या पितळी अंगावरचा नंबर आणि त्याच्या रेडिओचा नंबर वेगळे असू शकतात, विशेषतः रेडिओ नंतर वरून बसवला असेल तेव्हा. यादीत दोन्ही रकाने हवेत, बारकोड स्कॅन करून भरलेले. रेडिओचा नंबर आठ अंकी असतो आणि सुरुवातीला शून्य असू शकतो. यादी एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली, की ००४५१२३७ चं ४५१२३७ होतं आणि तो मीटर कायमचा ‘सापडला नाही’ मध्ये जातो. रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा.

संदेश पोचतो पण आकडे वेडेवाकडे दिसतात, तेव्हा की चुकलेली असते. उलगडलेल्या मजकुराचे पहिले दोन बाइट २एफ २एफ आले, तर की बरोबर. या की असलेली फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. तिच्यातून कोणाच्या घरी पाणी वापरलं जातंय आणि कोणाचं घर बंद आहे, हे बाहेरच्याला समजू शकतं.

एककाचा घोळ थेट बिलात दिसतो. संदेशातला १३ हा कोड लिटर सांगतो, १४ दहा लिटर आणि १६ घनमीटर. वरून बसवलेल्या पल्स मोड्यूलला (मीटरचे ठोके मोजणारा रेडिओ) पल्सचं वजन, म्हणजे एका ठोक्याला किती लिटर, आणि सुरुवातीचं रीडिंग आपण भरावं लागतं. पहिल्या फेरीनंतर निदान २० मीटर डोळ्यांनी वाचून टॅबशी ताडून बघा. सगळ्यांत सारखाच दहापट फरक असेल तर वजन चुकलंय. एकाच मीटरमध्ये ठरावीक फरक असेल तर त्याचं सुरुवातीचं रीडिंग चुकलंय.

वेळ जीपीएसवरून घ्या, पण सॉफ्टवेअर साडेपाच तास मिळवतंय का ते बघा. नाहीतर १ तारखेला पहाटे पाचला घेतलेलं रीडिंग मागच्या महिन्यात जमा होतं.

कोल्हापुरातला मार्ग आखताना

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी इथे रस्ते रुंद आहेत आणि मीटर फाटकाजवळ सापडतात. सुरुवात तिथून करा, म्हणजे यंत्र कसं वागतं ते समजेल. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि जिन्याखालचे मीटर, त्यात बोलेरो न शिरणारे बोळ. तिथे गाडी तोंडाशी लावून रिसीव्हर पॉवर बँकेवर हातात घेऊन बोळातून चालत जाणं सोपं पडतं. महाद्वार रोडचा भाग सकाळी आठच्या आत उरका. नवरात्रात आणि गणपतीच्या मांडवांच्या दिवसांत पेठांचं वेळापत्रक बांधू नका.

पावसाळ्यात चेंबर भरतो. मीटर पाण्याखाली टिकतो, पण रेडिओ लहरी त्या पाण्यातून जेमतेमच बाहेर येतात. एकाच गल्लीतले पाच-सहा मीटर एकदम गायब झाले तर रिसीव्हर उघडू नका, झाकण उघडून बघा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचली, की सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली असे सखल भाग त्या महिन्याच्या फेरीतून काढून टाका.

बिडाचं झाकण बदलून एफआरपीचं (फायबर-प्लास्टिकचं) बसवणं हा टप्पा वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय. ते जमत नसेल आणि रेडिओ वायरने मीटरला जोडलेला असेल, तर तो चेंबरच्या तळातून उचलून झाकणाच्या कडेजवळ टांगा.

गाडीत दोघं हवेत. चालवणाऱ्याने टॅबकडे बघायचं नाही. दुसऱ्याने प्रत्येक गल्ली संपताना ‘न मिळालेले’ ही यादी बघायची आणि आकडा दहा टक्क्यांच्या वर असेल तर तिथूनच गाडी वळवायची. संध्याकाळी ऑफिसात बसून ती यादी बघितली, तर दुसऱ्या दिवशी परत तेवढंच डिझेल जातं.