हायड्रोजन घातलेल्या फिल्मवर प्रोजेक्ट करताना

सिलिकॉन-जर्मेनियमच्या फिल्मवर, म्हणजे अगदी पातळ थरावर, एमएस्सीचा प्रोजेक्ट घेताय, तर पहिल्याच दिवशी गाइडला विचारा: आपल्या मटेरियलमध्ये हायड्रोजन नेमकं काय करतो? तो सगळीकडे सारखा वागत नाही. अमॉर्फस, म्हणजे अणूंची स्फटिकासारखी नियमित रचना नसलेल्या, सिलिकॉनमध्ये तो सुटे राहिलेले बंध, म्हणजे डँगलिंग बाँड, भरून काढतो. इलेक्ट्रॉन अडकण्याच्या जागा घटतात, आणि म्हणूनच 1975 मध्ये स्पिअर आणि लकॉम्बर या शास्त्रज्ञांना त्याचं डोपिंग, म्हणजे दुसरे अणू मिसळून त्याची वीज वाहण्याची क्षमता बदलणं, जमलं. बोरॉन घातलेल्या स्फटिकी सिलिकॉनमध्ये मात्र तोच हायड्रोजन बोरॉनला निकामी करतो. झिंक ऑक्साइडमध्ये तर चक्क इलेक्ट्रॉन देतो.

जर्मेनियम आलं की खरी गंमत सुरू होते. हायड्रोजनला सिलिकॉन जास्त जवळचा, त्यामुळे जर्मेनियमचे बंध सुटेच राहतात. बँड गॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी ऊर्जा) कमी करायला जर्मेनियम वाढवावं, तर इलेक्ट्रॉनची वाट अडते. नुसता हायड्रोजन वाढवूनही भागत नाही. इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये सिलिकॉन-हायड्रोजनचं शिखर 2000 cm⁻¹ च्या आसपास आहे की 2100 कडे सरकलंय, हे बघा. 2100 चं वाढलं, तर बराच हायड्रोजन फिल्ममधल्या पोकळ्यांच्या कडेला बसलाय असं समजा. तिथे तो फारसा कामाचा नाही.

कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) वाढली म्हणून मोबिलिटी (इलेक्ट्रॉन सरकण्याची सहजता) वाढली, असं रिपोर्टमध्ये कधीही लिहू नका. इलेक्ट्रॉन किती आहेत आणि ते किती सहज सरकतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हॉल मेजरमेंटवरही, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात करंटला आडवं येणारं व्होल्टेज मोजण्यावरही, विसंबू नका: अमॉर्फस सिलिकॉनमध्ये हॉल व्होल्टेजचं चिन्ह उलटं येतं, एन-टाइप (इलेक्ट्रॉन वीज वाहतात ती) फिल्म पी-टाइप (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वीज वाहतात ती) भासते. थर्मोपॉवर, म्हणजे तापमानातल्या फरकाने येणारं व्होल्टेज, खरं चिन्ह सांगते.

आता आपल्याकडचा पावसाळा. जुलैत ऐरोली-ठाण्याच्या हवेत या जास्त रेझिस्टन्सच्या फिल्मवर ओलावा धरतो आणि मीटर त्या ओलाव्यातून जाणारा करंटच दाखवतो. ट्रान्स-हार्बर लोकलने सँपल न्यायचं असेल, तर डबीत सिलिका जेल ठेवा, वरून फॉइल गुंडाळा. लॅबमध्ये पोचल्यावर ते व्हॅक्यूममध्ये 150 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. ओलावा जातो, शिवाय उजेडाने झालेला बिघाडही भरून येतो. हा बिघाड स्टेब्लर आणि रॉन्स्की यांनी 1977 मध्ये दाखवला. रीडिंग घ्यायचं ते अंधारात, सँपल हळूहळू थंड होताना. फिल्मची जाडी आणि दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर त्याच पानावर लिहून ठेवा.