चपला फाटकावरच काढा: केळीची बाग टीआर-४ पासून वाचवायची तर

आमच्या रावेरात सकाळी फोन उघडला की आधी बुऱ्हाणपूरचा केळीभावाचा बोर्ड बघतात, मग आपला. भाव तिकडून येतो, व्यापारी तिकडून येतो, ट्रॅक्टर आणि कापणीची टोळीही येते. टीआर-४ हा मर रोगही बुऱ्हाणपूरपर्यंत येऊन ठेपलाय, आणि तो कुठल्याच बोर्डावर लागत नाही.

हा रोग जगभर फिरला तो कंदांतून आणि मातीतून. मध्य अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी ग्रॉस मिशेल जातीचे कंद देशोदेशी लावले, त्यांच्यासोबत पनामा मरची बुरशीही गेली आणि १९६० च्या आसपास ती जात निर्यातीतून बाद झाली. जागा घेतली कॅव्हेंडिशने. आपली जी-९ केळी त्याच घराण्यातली. टीआर-४ हा त्याच पनामा मरचा नवा प्रकार, आणि तो नेमका त्याच घराण्याच्या मुळावर उठलाय: १९६० च्या दशकात तैवान, १९९७ ला ऑस्ट्रेलियातलं डार्विन, २०१३ ला जॉर्डन नि मोझांबिक, २०१९ ला कोलंबिया. आपल्याकडे आधी बिहार. या बुरशीवर औषध नाही, आणि जमिनीत ती वर्षानुवर्षं तग धरते.

विकायच्या घडाला घाबरू नका. भीती आहे ती घडाबरोबर येणाऱ्या चिखलाची.

म्हणून पहिलं काम फाटकाचं. बागेला आत-बाहेर जायला एकच वाट ठेवा. मी तिथे प्लास्टिकचे बूट ठेवलेत, सहा जोड, वेगवेगळ्या मापाचे. व्यापारी असो की पाहुणा, चपला बाहेर काढायच्या, बूट घालून आत यायचं. आमचे आप्पा पहिल्या दिवशी म्हणाले, "देऊळ बांधलं का रे बागेत?" हसू द्या.

टोळीचे कोयते नि विळे आत घेण्याआधी पाण्याने आणि ब्रशने घासा, माती पूर्ण निघाली पाहिजे. मगच क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा. इथेच सगळे चुकतात. चिखलावरून औषध फवारलं की मनाला बरं वाटतं, पण बुरशी आत ढेकळात सुखरूप असते. जमलं तर कोयते स्वतःचेच घ्या, चार कोयत्यांना असे किती पैसे पडतात! भाड्याच्या रोटाव्हेटरचं मात्र कठीण आहे. पात्यांत अडकलेली माती काढायला अर्धा तास लागतो आणि ट्रॅक्टरवाला घड्याळ दाखवतो. मी तो अर्धा तास भाड्यात धरतो. धुतलेलं पाणी बागेत नाही, रस्त्याकडेला खड्ड्यात जिरवायचं. वरच्या शेतातलं पावसाचं पाणी बागेत उतरत असेल तर चर खोदून ते बाहेर वळवा.

दुसऱ्याच्या बागेतले मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी पिल्लं, आणू नका, मेहुण्याच्या बागेतले असले तरी. टिश्यू कल्चरची रोपं प्रयोगशाळेतून स्वच्छ निघतात, पण नंतर पिशवीत कुणाची माती भरली आणि पाणी कुठलं दिलं, हे विचारा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं प्रमाणपत्र बघा, पण ते मुख्यतः विषाणूंसाठी असतं हे लक्षात ठेवा. मी एका वर्षी कागद न बघता स्वस्त रोपं घेतली. हरण्या हा विषाणूचा रोग निघाला आणि दीड हजार रोपं उपटून पुरली. टीआर-४ असता तर नुसती रोपं नाही, जमीनच गेली असती.

आता ओळख. खालची जुनी पानं कडेपासून पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात. खोड बुडाशी उभं तडकतं. करप्यात पानावर ठिपके दिसतात, इथे तसं नसतं. आतून खोडाच्या शिरा तांबूस-तपकिरी होतात, पण ते बघायला स्वतः कोयता चालवू नका, तोच कोयता पुढच्या झाडाला लागतो.

शंका आली तर झाड उपटू नका, ओढत बांधावरही नेऊ नका. आजूबाजूच्या झाडांसकट दोरी बांधा, तिथलं ठिबक बंद करा, मजुरांना दुसरीकडे लावा. मग पालच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला फोन करा. नमुना त्यांनाच घेऊ द्या. खोडाचा तुकडा पिशवीत घालून एसटीने जळगावला निघालेले लोक मी पाहिलेत, वाटेत भुसावळला उतरून चहासुद्धा पितात.