ड्यूक एलिंग्टन ऐकायचा कसा

अमेरिकन जॅझ संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनची ‘निवडक गाणी’ लावून कामं उरकत बसू नका. तशी ती सगळी सारखीच गोड वाटतात. कुणी मला विचारलं की मी एकच सांगते: वाद्यं नको, वादक ओळखा. एलिंग्टन स्वरलिपीच्या कागदांवर वाद्याऐवजी बरेचदा वादकाचं नाव लिहायचा. तो ‘दुसऱ्या ट्रंपेट’साठी लिहीतच नव्हता, कूटी विल्यम्ससाठी लिहीत होता.

म्हणून सुरुवात १९४० च्या ‘कॉन्चेर्तो फॉर कूटी’पासून करा. जेमतेम साडेतीन मिनिटं. हेडफोन लावा आणि फक्त ट्रंपेटचा माग काढा. आधी म्यूट (कर्ण्यात बसवायची, आवाज दाबणारी टोपी) लावलेला बारीक, दबका आवाज, मग गुरगुरणारा, आणि पुढे म्यूट निघाला की तोच माणूस छाती भरून बोलतो. ही तिन्ही रूपं वेगळी कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग ‘मूड इंडिगो’, १९३० चं. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझच्या रिवाजात क्लॅरिनेट सर्वांत वर आणि ट्रॉम्बोन तळाशी असायचा. इथे म्यूट लावलेला ट्रंपेट वर, त्याला खेटून ट्रॉम्बोन, आणि क्लॅरिनेट पार खर्जात. सुरुवातीचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावा, दर वेळी एकाच वाद्यावर कान ठेवा, शेवटी तिन्ही एकत्र ऐका. इतका सुंदर रंग मला दुसऱ्या कुठल्याच वाद्यवृंदात सापडलेला नाही.

एलिंग्टनच्याच ‘को-को’ या रचनेच्या आरंभी तळाशी घुमतो तो हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन. कार्नी १९२७ मध्ये आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन गेला तोवर त्याच्याबरोबर राहिला. एलिंग्टनला हा आवाज रोज हाताशी होता, म्हणूनच तो असं लिहू शकला.

‘टेक द ए ट्रेन’ जरूर ऐका, पण ती रचना बिली स्ट्रेहॉर्नची आहे हे लक्षात ठेवून. १९३९ पासून १९६७ मध्ये मरेपर्यंत तो एलिंग्टनबरोबर लिहीत होता, आणि त्याचं नाव अजूनही कमीच घेतलं जातं.

१९५६ ची अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातली मैफल शेवटी, मोठ्या आवाजात. तिथे पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं घेतली. मात्र तो तबकडीच्या नव्हे, तर व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनसमोर वाजवत होता, त्यामुळे मूळ तबकडीत त्याचा आवाज लांबून येतो. रेडिओची ती टेप पुढे सापडली आणि १९९९ च्या आवृत्तीत जोडली गेली. तीच घ्या.