पाळीवरचं ड्रिल शिळं होऊ नये म्हणून

हजेरी झाली की होज (पाण्याचा पाइप) ड्रिल, मग शिडी, मग गाठी. तक्ता वॉच रूमच्या भिंतीवर लागलेला असतो आणि नवीन मुलगाही थोड्याच दिवसांत तो न बघता म्हणून दाखवतो. त्यानंतर हात चालतात, डोकं मात्र घरी गेलेलं असतं. मी गोव्यात डिचोलीच्या अग्निशमन केंद्रात पाळी सांभाळतो. सराव ठरवताना स्वतःला एकच विचारतो: मैदानात उतरल्याशिवाय उत्तर मिळणार नाही, असा एक तरी प्रश्न आजच्या ड्रिलमध्ये आहे का? नसेल तर ड्रिल बदलतो.

बीए सेटपासून, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क यांपासून, सुरुवात करा. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की साधारण २,००० लिटर हवा होते. मिनिटाला ४० लिटर धरले तर पन्नास मिनिटं, हे गणित सगळ्यांना पाठ असतं. आता जवानाला पूर्ण गणवेशात सेट चढवायला लावा, मास्कच्या काचेवर आतून काही दिसणार नाही असा कागद चिकटवा आणि पाण्याने भरलेली होज ओढत जिना चढायला सांगा. सोबत डोळे उघडे असलेला एक माणूस हवाच. आत जाताना किती बार, बाहेर येताना किती बार, किती मिनिटं लागली, हे दारावरच्या माणसाने लिहायचं. मग प्रत्येकाने आपापला हिशेब स्वतः करायचा: किती बार उतरला, त्याला ६.८ ने गुणायचं, मिनिटांनी भागायचं.

इथे मुलं खरोखर जागी होतात. चांगला तगडा जवानही कष्टाच्या कामात मिनिटाला ८० लिटर ओढतो, म्हणजे त्याची पन्नास मिनिटं पंचवीसवर येतात. शिवाय ५५ बारच्या आसपास सेटची इशाऱ्याची शिट्टी वाजते, ती हवा बाहेर पडण्यासाठी राखून ठेवायची असते, म्हणून कामाचा वेळ त्याहून कमी. प्रत्येकाचा आकडा वहीत ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा काढा. कोणाला कमी लेखायला ही वही नाही, जोडी लावायला आहे. दोघे आत गेले तर परत फिरायची वेळ जास्त हवा ओढणाऱ्यावरून ठरते. स्वतःचा आकडा ठाऊक असलेला मुलगा आत गेल्यावर आपणहून दाबाचा गेज बघतो, त्याला ओरडून सांगावं लागत नाही. धूर मात्र टायर किंवा प्लास्टिक जाळून कधीही करू नका. सरावासाठी कोणाची फुफ्फुसं खर्ची घालायची नाहीत.

दुसरं, गाडी आवाराबाहेर काढा. हडफड्याच्या नाइटक्लबला डिसेंबर २०२५ मध्ये लागलेल्या आगीत २५ जण गेले. तिथला रस्ता अरुंद होता, बंब दूर थांबवावे लागले. असे रस्ते आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत: दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणं, मध्ये विजेचा खांब, वळणावर पार्क केलेली भाड्याची गाडी. म्हणून एखादा वाडा निवडा, पंचायतीला आधी कल्पना द्या आणि बंब जिथे अडतो तिथे थांबवा. तिथून शेवटच्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत १५ मीटरच्या किती होज लागतील? प्रत्येकाने आपला अंदाज आधी सांगायचा, मग अंथरून बघायचं. अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो, कारण होज रस्त्याच्या वळणाने जाते आणि डोळा सरळ रेषेत मोजतो. एवढ्या लांबीला पंपावर किती दाब द्यायचा, हा प्रश्न ड्रायव्हरला विचारा. एरवीच्या ड्रिलमध्ये तो बाजूला उभा असतो. इथे सगळी पाळी त्याच्या तोंडाकडे बघते आणि त्याला ते मनापासून आवडतं.

मोसम बघून विषय घ्या. फेब्रुवारीपासून काजूच्या बागायती आणि डोंगर पेटतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी ओतावं लागलं. तिथे होज पोचत नाही. हिरव्या फांद्या, कोयता आणि वाऱ्याची जाण यांवरच काम असतं, तर तोच सराव द्या आणि सकाळी लवकर द्या. मे महिन्यात विहिरीवर जा. सक्शनने पाणी फार तर सातेक मीटरवरून उचललं जातं, म्हणून दोरीला दगड बांधून पातळी मोजायला लावा आणि पंप इथे चालेल की नाही ते मुलांनाच ठरवू द्या. चालणार नसेल तर पाणी कुठून आणायचं, तेही. विहिरीत उतरायचा सराव असेल तर हवा तपासल्याशिवाय आणि लाइफलाइन (सुरक्षेचा दोर) बांधल्याशिवाय कोणीही पाय घालायचा नाही. पावसाळ्यात झाडं पडतात. त्या दिवसांत चेनसॉ, ताणाखाली वाकलेलं खोड आणि तारेतली वीज बंद झाल्याची खात्री, एवढं पुरे.

शिकवायचं काम वाटून द्या. माडावर चढणाऱ्या घरातला जवान असेल तर दोर आणि उंची त्याच्याकडे. आयटीआय करून आलेला पोरगा पोर्टेबल पंप उघडून दाखवू दे. ज्याला उद्या शिकवायचं आहे तो आज रात्री वाचून येतो.

स्टॉपवॉच मी कमी वापरतो. वेळ लावली की गाठ बसली का, होजचं कपलिंग (जोड) पूर्ण लागलं का, हे बघणं सुटतं. रात्री मोठा कॉल झाला असेल तर सकाळी ड्रिल नको, पण होज धुऊन वाळत घालताना काय अडलं ते बोलून घ्या. कोण चुकला हे नको, काय अडलं एवढंच. पुढच्या आठवड्याचा विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

१४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांना मानवंदना देतो. त्या दिवशी परेडनंतर मुलांना टेबलाभोवती बसवा. स्फोट झालेल्या फोर्ट स्टिकीन जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती. तुम्ही पहिल्या बंबावर असता तर कोणाला काय विचारलं असतं, आणि माणसं कधी मागे घेतली असती? वाद होऊ द्या. मग विचारा, आपल्या हद्दीतल्या औद्योगिक वसाहतीत कोणत्या गोदामात काय आहे? जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णला रंगाचा कारखाना पेटला, तिथे नुसत्या पाण्याने भागत नाही, फोम लागतो. त्याच आठवड्यात दोघा-दोघांना कारखान्यांत पाठवा. आत कोणती रसायनं, किती पिंपं, गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे, रात्री चावी कोणाकडे, हे वॉचमनकडून आणि मॅनेजरकडून लिहून आणायचं. तो कागद फायलीत नको, प्लास्टिकमध्ये घालून बंबाच्या केबिनमध्ये पुढच्या सीटसमोर लावा आणि दर सहा महिन्यांनी दुसऱ्या जोडीला पाठवून ताजा करा.