पुण्याची डिग्री, जर्मनीतली नोकरी
जर्मनीत अर्ज धाडण्याआधी अनाबिन उघडा. परदेशी पदव्यांची ही तिथली सरकारी यादी फुकट बघता येते. विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे जर्मनीत मान्य असल्याची खूण, आहे का पाहा, पदवीची नोंद शोधा आणि दोन्ही पानं छापून ठेवा. डॉक्टर-नर्सचा रस्ता वेगळा, त्यांना परवाना लागतो.

माझं घोडं नावावर अडलं. मी २०११ ची मेकॅनिकल. डिग्रीवर नुसतं 'पुणे विद्यापीठ'. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. शिवाय मार्कशीटवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव; पासपोर्टवर तसं नाही. खुलासे करण्यात तीन आठवडे गेले. तुम्ही नावाचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.

आणि कळकळीनं सांगते, कंपनी सोडण्याआधी अनुभवपत्र नीट लिहून घ्या. आपल्याकडे 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं' एवढ्यावर भागवतात. तिकडे कामाचं वर्णन वाचतात: कुठली मशीन सांभाळली, हाताखाली किती माणसं होती. माझ्या जुन्या साहेबांनी दीड पान लिहून दिलं, मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरूनच आले.

हातात ऑफर नसेल तर जून २०२४ पासून चान्सेनकार्ट, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी तिथं राहायचा परवाना, मिळतं. अटींत बसलात तर वर्षभर तिथं राहून नोकरी शोधा, आठवड्याला २० तास कामही करता येतं. जर्मन भाषेचा क्लास मात्र आजच लावा.